भाड्याच्या खोलीत थंडीचं काय करायचं? कमी बिलात विजेवर ऊब मिळवायची पद्धत, नव्याने आलेल्यांसाठी

मराठवाड्यात बाहेरून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या पोरांना वाटतं की इथं फक्त उन्हाळाच असतो, आणि मग डिसेंबर लागला की पहाटे चारला हुडहुडी भरते. परभणीत तर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली गेलाय. संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूरकडं उत्तरेचं वारं सुटलं की ८-१० अंश म्हणजे नेहमीचंच. दिवसा मात्र २८-३० अंश. म्हणजे आपल्याला ऊब लागते ती दोन वेळेला, रात्री आठ-नऊपासून झोपेपर्यंत आणि पहाटे आंघोळीच्या वेळी. हे आधी डोक्यात पक्कं करा कारण पुढचा सगळा हिशोब यावरच आहे.

पाइपलाइनचा गॅस आपल्याकडं भाड्याच्या खोलीत जवळपास नसतोच, सिलिंडर असला तर स्वयंपाकापुरता, आणि बऱ्याच पोरांच्या रूमवर तोही नसतो. मग राहते वीज. आणि वीज म्हटलं की लोक थेट बाजारात जाऊन दोन हजार वॅटचा ब्लोअर उचलून आणतात, महिन्याभराने बिल येतं, घरमालक दारात उभा राहतो आणि हीटर कपाटावर जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की खोली तापवायच्या नादी लागू नका, माणूस तापवा. खोली तापवायची गरज काही ठरावीक घरांनाच असते, त्यांचंही खाली लिहिलंय.

पहिलं काम: युनिट आणि रेट समजून घ्या

१००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. २००० वॅटचा ब्लोअर अर्धा तास चालला तरी एक युनिट. ६० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट आख्खी रात्र, आठ तास चालू राहिलं तरी अर्ध्या युनिटच्या आतच.

आता रेट. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं. ढोबळमानाने पहिल्या १०० युनिटला वहन आकार (वीज पोचवायचा खर्च) धरून सहा रुपयांच्या आसपास पडतात आणि १०० ओलांडलं की पुढच्या प्रत्येक युनिटला अकरा-साडेअकरा, म्हणजे जवळपास दुप्पट. वर स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळं. रेट बदलत राहतात त्यामुळे तुमच्या हातातल्या बिलावर काय छापलंय तेच खरं धरा.

दोघं पोरं एका रूमवर राहतात असं समजा. हिवाळ्यात पंखा, कूलर बंद, लाइट, मोबाइल, लॅपटॉप मिळून ४० युनिट. दोघांच्या रोजच्या आंघोळीचं गरम पाणी साधारण २७ युनिट (हे कसं ते खाली सांगतो). झाले ६७. अजून शंभरच्या आत आहोत. आता यात रोज रात्री तीन तास दोन हजार वॅटचा ब्लोअर घाला, महिन्याचे १८० युनिट वाढले, एकूण २४७. वाढलेल्या १८० पैकी ३३ स्वस्तात गेले आणि १४७ महागात, म्हणजे एकट्या ब्लोअरचे एकोणीसशे रुपयांच्या आसपास, वीज शुल्क सोडून. तेवढ्यात दोन चांगले रग आणि एक इलेक्ट्रिक ब्लँकेट येतंय आणि ते पुढची चार-पाच वर्षं चालतंय.

बऱ्याच ठिकाणी मात्र मालकाचं एकच मीटर असतं आणि प्रत्येक रूमला सबमीटर लावलेलं असतं, आणि मालक सरळ दहा-बारा रुपये युनिट लावतो. यात दरवेळी लूट असते असं नाही बरं का, चार रूमची वीज एकाच मीटरवर आली की मालकाचं बिलच वरच्या टप्प्यात जातं. पण अशा ठिकाणी तुम्हाला पहिल्या शंभराचा फायदा मिळत नाही, पहिल्या युनिटपासूनच महाग, हे लक्षात ठेवून हीटरचा विचार करा. रूम घेतानाच विचारा, "काका, लाइट बिल कसं घेता? युनिटनं की ठरलेलं?" आणि महिन्याच्या एक तारखेला सबमीटरचा फोटो काढून काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या, वाद होत नाहीत.

मीटरवर एक लाल बारका दिवा लुकलुकतो ना, त्याच्याजवळ काहीतरी लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ३२०० इम्पल्स. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आधी खोलीतलं सगळं बंद करा, चार्जरसुद्धा काढा, आणि दोन मिनिटं दिव्याकडं बघा. तरी लुकलुकत असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी कनेक्शन तुमच्या मीटरवर आहे किंवा वायरिंगमध्ये कुठंतरी गळती आहे, मालकाला लगेच दाखवा. मग फक्त पाणी तापवायचा रॉड लावा. १५०० वॅटचा रॉड असला तर मिनिटाला ८० वेळा लुकलुकायला पाहिजे, एकजण मोबाइलवर मिनिट लावतो, दुसरा मोजतो. नव्या पोरांना वीज नेमकी कुठं जाते हे समजायला यापेक्षा सोपी पद्धत नाही, दहा मिनिटांचं काम आहे, पहिल्याच रविवारी करून टाका.

दुसरं काम: सॉकेट आणि वायर तपासा, हीटर घ्यायच्या आधी

हे टाळू नका, मी हात जोडून सांगतो. भाड्याच्या खोल्यांमधले बहुतेक सॉकेट छोटे असतात, ६ अँपियरचे. ६ अँपियर म्हणजे २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपियर ओढतो, दोन हजारचा गीझर किंवा ब्लोअर पावणेनऊ, तीन हजारचा इन्स्टंट गीझर तेरा. या सगळ्याला मोठ्या जाड पिनांचा, १६ अँपियरचा पॉवर पॉइंट लागतो आणि त्याच्या मागे २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर लागते, गीझरला तर ४ ची टाकतात. लाइटच्या पॉइंटची वायर याला पुरत नाही, ती भिंतीच्या आत गरम होत राहते आणि आपल्याला दिसतही नाही.

बघायचं काय तर सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग आहे का, प्लॅस्टिक थोडं वाकडं झालंय का, प्लग घातला की सैल बसतो का, चालू केल्यावर आत बारीक चरचर आवाज येतो का. यातलं एकही असलं तर तो सॉकेट हीटरला वापरायचा नाही, मालकाला सांगून आधी बदलून घ्यायचा, नवा चांगल्या कंपनीचा सॉकेट काही फार महाग नसतो. हीटर दहा मिनिटं चालवून बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावून बघा. कोमट असतील तर ठीक, चटका बसत असेल तर तिथं पुन्हा लावू नका.

आणि एक्स्टेंशन बोर्डावर हीटर, गीझर, रॉड यातलं काहीच नाही. त्या बोर्डाची वायर बारीक असते, वर ती गादीखालून किंवा दाराच्या फटीतून नेलेली असते, आगी लागतात त्या अशाच ठिकाणी. मोठ्या प्लगला छोटा करणारा जो कन्व्हर्टर मिळतो तोही नको.

अर्थिंग आणि आरसीसीबी या दोन गोष्टी इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. अर्थिंग नसेल तर गीझरच्या पाण्यातून शॉक बसू शकतो, आणि आपल्याकडं जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला नुसतं भोक असतं, मागे वायरच नसते. आरसीसीबी म्हणजे मेन बोर्डावरचं ते डबल रुंदीचं बटण ज्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं आणि ३० एमए लिहिलेलं असतं, ते गळती झाली की सेकंदाच्या आत वीज तोडतं. टी दाबल्यावर खटकन खाली पडलं पाहिजे. नसेल तर मालकाला विनंती करा, अर्धे पैसे आम्ही देतो म्हणा, गीझर किंवा रॉड वापरणाऱ्या घरात हा खर्च हीटरच्या आधी.

मालकाला मेसेज कसा टाकायचा हा पोरांना प्रश्न पडतो. साधा टाका: "काका नमस्कार, थंडी वाढलीय म्हणून रॉड/छोटा हीटर वापरायचा विचार आहे. रूममध्ये १६ अँपियरचा पॉइंट कुठला आहे? नसेल तर एक काढून घेऊ का, इलेक्ट्रिशियनचा खर्च आम्ही करतो, रूम सोडताना पॉइंट तसाच राहील." बहुतेक काका हो म्हणतात, कारण त्यांच्याच घराचं भलं आहे. लपूनछपून वापरू नका, बिलात दिसतंच.

तिसरं काम: फटी बंद करा

इथल्या खोल्यांची एक खासियत म्हणजे खिडकीतला कूलर. उन्हाळ्यात बसवलेला कूलर पोरं काढत नाहीत, आणि हिवाळ्यात त्याच्या जाळीतून, वाळलेल्या गवताच्या पॅडमधून रात्रभर गार वारं आत येतं. हे म्हणजे खिडकी उघडी टाकून झोपल्यासारखंच आहे. पाणी काढून टाकून कूलर बाहेरून जाड प्लॅस्टिकने किंवा खताच्या पोत्याने गुंडाळून सुतळीने बांधा, आतल्या बाजूने पुठ्ठा लावा. पन्नास रुपयांचं काम आहे पण फरक पहिल्याच रात्री कळतो. दाराखालच्या फटीला जुनी साडी गुंडाळून लावा. खिडकीच्या काचेला पार्सलचं फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक चिकटवता येतं, उजेड येतो आणि गारठा कमी होतो.

फक्त एक, खोलीतच गॅसवर स्वयंपाक होत असेल तर वरचा झरोका अजिबात बुजवू नका.

दिवसाचं ऊन फुकट आहे ते वाया घालवू नका. दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्या दुपारी उघड्या ठेवायच्या, पडदे बाजूला, आणि साडेचार-पाचला ऊन उतरायच्या आत सगळं बंद करायचं. क्लासला जाणाऱ्या पोरांचं नेमकं उलटं होतं, दिवसभर खोली बंद आणि रात्री आल्यावर वास जावा म्हणून खिडकी उघडी. जुन्या माळवदाच्या घरात ज्यांना खोली मिळाली ते नशीबवान, मातीच्या जाड भिंती आणि धाबं दिवसाची ऊब रात्री देतात. पत्र्याच्या खोलीत मात्र उघड्या आभाळाखाली पत्रा लवकर गार पडतो आणि पहाटे आतून थेंबसुद्धा टपकतात, तिथं पत्र्याच्या खाली फूटभर अंतर सोडून जुन्या जाड चादरी ताणून बांधल्या तर बरंच थांबतं. थर्माकोल लावणार असाल तर त्या खोलीत हॅलोजन किंवा लाल तारेचा हीटर आणू नका, थर्माकोल लगेच पेट घेतो.

शहाबादी फरशीवर गादी टाकून झोपणारे बरेच असतात. फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढते, वर दोन रग घेतले तरी पाठ गारच राहते. गादीखाली आधी पुठ्ठे, त्यावर चटई, त्यावर सतरंजी आणि मग गादी. कापसाची गादी जुनी होऊन चपटी झाली असेल तर पिंजून घ्या, आपल्याकडं कापूसवाले पिंजारी गल्लीत येतात, फुगलेल्या कापसात हवा अडकते आणि तीच ऊब देते. आईने दिलेली वाकळ घरी ठेवून येऊ नका, सोबत आणा.

चौथं काम: आंघोळीचं पाणी

हिवाळ्यात विजेवर जी ऊब विकत घ्यावीच लागते ती इथं. पंधरा लिटरची बादली, पाणी १८ अंशांचं, आंघोळीला ४२ लागतं, म्हणजे २४ अंश वाढवायचे. याला ०.४२ युनिट लागतात, वाया जाणारं धरून ०.४५ म्हणा. रॉडने तापवा, गीझरने तापवा, इंडक्शनवर पातेलं ठेवून तापवा, पाण्यात जाणारी ऊब तेवढीच आणि युनिटही जवळपास तेवढेच. दुकानदार म्हणतो "हा रॉड लाइट कमी खातो" तर ते खरं नसतं, १००० वॅटचा रॉड १५०० पेक्षा कमी ओढतो पण वेळ जास्त घेतो, पंचवीस मिनिटांच्या पुढं. पण छोट्या सॉकेटवर १००० वॅटचाच रॉड लावायचा, आणि म्हणूनच नव्या माणसाला मी १००० चाच घ्या म्हणतो. आयएसआयचा शिक्का आणि त्यावर आयएस ३६८ लिहिलेलं बघून घ्या, चार-पाचशेपासून मिळतो, रस्त्यावरचा दोनशेवाला घेऊ नका.

रॉडचे नियम पाठ करा. बादली प्लॅस्टिकची, लोखंड किंवा स्टीलची नाही. रॉडवर कमी-जास्त पाण्याच्या खुणा असतात त्यामध्ये पाणी पाहिजे. आधी रॉड पाण्यात, मग बटण. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मग अर्धा मिनिट थांबून रॉड बाहेर, आणि मगच पाण्यात हात. पाणी तापलं का बघायला चालू रॉड असताना बोट घालायची सवय बऱ्याच जणांना असते आणि दरवर्षी त्यातच लोक जातात. रॉड लावून कुठं निघून जायचं नाही, मोबाइलवर अलार्म लावा. घरात लेकरं असतील तर बाथरूमला बाहेरून कडी.

आपल्याकडं बोअरचं पाणी फार जड, क्षाराचं. महिन्याभरात रॉडवर पांढरा थर बसतो, टिचकी मारली की पापडासारखे तुकडे निघतात. तो थर बसला की तापायला वेळ लागतो, रॉड आत जास्त तापतो आणि एक दिवस फुटतो. पंधरा दिवसांतून एकदा प्लग काढलेला, गार झालेला रॉड एका उभ्या डब्यात लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर उभा करून ठेवा (प्लग आणि वरचं टोपण कोरडं राहिलं पाहिजे), थर आपोआप सुटतो. चाकूने खरवडू नका, वरचा मुलामा जातो. गीझरच्या आतसुद्धा हेच होतं, आतून तडतड आवाज यायला लागला की समजा क्षार बसलाय, मालकाला सांगून साफ करून घ्या.

मालकाने पंधरा लिटरचा साठ्याचा गीझर दिला असेल तर चांगलंच आहे. तो १८ वरून ६० अंशांवर जायला पाऊण युनिट आणि वीस-बावीस मिनिटं घेतो, त्यात गार मिसळून २५-२६ लिटर आंघोळीचं पाणी होतं. दोघांनी लागोपाठ आंघोळ करायची, एकाने सहाला आणि दुसऱ्याने नऊला असं नाही. बटण उठल्यावर लावायचं आणि आंघोळीला जाताना बंद. रात्रभर चालू ठेवायचा नाही. गच्चीवर सोलर असेल तर सकाळी पाइपातलं गार पाणी आधी एका बादलीत धरा, सोडून देऊ नका, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं आहे, इथं पाणी सांडायला कुणाचाच हात होत नाही.

व्होल्टेजचा एक प्रकार खेड्यात आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत होतो. रब्बीच्या दिवसांत मोटारी चालू असतात, त्यात सकाळी सगळ्यांचे रॉड, आणि व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा १५०० वॅटचा रॉड सव्वानऊशे वॅटच देतो. रॉड खराब झालाय म्हणून बदलायला जाऊ नका, वेळ जास्त लागेल पण युनिट वाढणार नाहीत. तासभर आधी किंवा नंतर लावून बघा.

पाचवं काम: माणूस तापवायच्या वस्तू, स्वस्त ते महाग

रबरी गरम पाण्याची पिशवी, दोन-तीनशे रुपये. रॉडच्या बादलीतून किंवा किटलीतून भरायची, उकळतं पाणी नाही, टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवायची. एवढ्यानेच अर्ध्या लोकांचं काम भागतं, खरंच. विजेवर तापणारी जी पिशवी मिळते ती तापेपर्यंतच लावायची, प्लग काढून मगच अंथरुणात घ्यायची.

अभ्यासाला रात्री बारा-एकपर्यंत बसणारी पोरं, लातूर-संभाजीनगरला हीच जास्त, त्यांच्यासाठी दोन-तीन नळ्यांचा हॅलोजन किंवा क्वार्ट्‌झचा हीटर. त्याची एक नळी ४०० वॅटची, फक्त एकच लावायची आणि तोंड पायांकडं करायचं, तीन फूट अंतरावर. तो हवा तापवत बसत नाही, समोरच्या अंगाला थेट ऊब देतो, म्हणून फटी असलेल्या खोलीतसुद्धा उपयोगी पडतो. तीन तासांचे सव्वा युनिट. पांघरूण, ओढणी, पुस्तकं, टांगलेले कपडे यांच्यापासून लांब, त्यावर कपडे वाळवायचे नाहीत, आणि झोप यायला लागली की आधी तो बंद. चालू ठेवून झोपायचं नाही, यात कुणाचंच ऐकू नका.

झोपायला इलेक्ट्रिक ब्लँकेट, सिंगल बेडचं हजार-पंधराशेच्या घरात मिळतं. माझ्या मते भाड्याच्या खोलीसाठी याच्यापेक्षा पैसा वसूल वस्तू नाही. गादीवर सपाट पसरायचं, वर चादर, झोपायच्या अर्धा तास आधी लावायचं, अंथरुणात शिरलं की बंद करायचं किंवा सगळ्यात कमीवर ठेवायचं. अर्धा तासच लावलं तर आख्ख्या महिन्याला एक युनिट. घडी घालून चालू करायचं नाही, टाचणी टोचायची नाही, वायरीपाशी चुरगळलं किंवा काळं पडलं तर फेकून द्यायचं. अंथरूण ओलं करणारं लेकरू, तान्हं बाळ, शुगरमुळं पायाला संवेदना कमी झालेली माणसं, लकवा झालेली माणसं यांच्याखाली हे चालू ठेवायचं नाही, भाजलेलं त्यांना कळत नाही. त्यांचं अंथरूण आधी गरम करून, प्लग काढून मग झोपवा.

ब्लोअर मी शेवटी लिहितोय कारण तो सगळ्यात जास्त विकला जातो आणि सगळ्यात कमी टिकणारी ऊब देतो. हवा पटकन गरम करतो, बंद केला की भिंती, फरशी, स्लॅब ती ऊब ओढून घेतात आणि थोड्याच वेळात जैसे थे. कपडे बदलायला, लेकराची आंघोळ झाल्यावर पुसून कपडे घालेपर्यंत, दहा मिनिटं, एवढ्यापुरता चांगला आहे.

म्हातारी माणसं, बाळंतीण आणि तान्हं बाळ

या घरांत खोलीच उबदार लागते, इथं काटकसर करू नका. आपल्याकडं अजून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत आहे, आणि हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद करून. त्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, धूर दिसत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. घरातल्या मोठ्या बायांना हे समजावून सांगणं अवघड जातं, "आमची सगळी बाळंतपणं अशीच झाली" म्हणतात, पण तेव्हा घराला झरोके होते, कौलांतून-माळवदातून हवा जायची, आताच्या स्लॅबच्या खोलीला सगळीकडून बंद खिडक्या आहेत. हे आत्याबाई, आजी यांना शांतपणे सांगा आणि शेगडी अंगणातच ठेवा. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गीझर हाही याच कारणाने जीव घेतो, तो बाहेरच्या भिंतीवरच पाहिजे.

अशा खोलीसाठी तेलाचा रेडिएटर घ्या, ज्याला ऑइल हीटर म्हणतात, पंख्यांच्या पातींसारखी उभी पानं असतात त्याला. महाग आहे, आठ-दहा हजारांपर्यंत जातो, पण लाल तार नाही, आवाज नाही, थर्मोस्टॅट असतो त्यामुळे खोली तापली की आपोआप बंद होतो. १००० वॅटवर ठेवा. रात्रभरात जास्तीत जास्त आठ युनिट, फटी नीट बंद केल्या असतील तर त्याहून कमी. बिल वाढणार हे धरूनच चला आणि मालकाला आधी कल्पना द्या. नात्यात, शेजारात कुणाकडं असेल तर दोन महिन्यांसाठी मागून आणा, असे हीटर बऱ्याच घरांत एका बाळंतपणानंतर तसेच पडून असतात. बाळाच्या पाळण्यापासून लांब ठेवायचा आणि बाळाला अति गुंडाळायचं नाही, मानेला घाम आला की एक कपडा कमी.

घरात आधीपासून गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी असेल तर रेडिएटर घ्यायची गरजच नाही. तो बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतो त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिटइतकी ऊब देतो, बाकी कुठल्याच हीटरला हे जमत नाही. पण नुसता थंड करणारा एसी यात धरू नका, रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का ते बघा.

कमी पैशात सुरुवात कुठून

हजार रुपयांच्या आत असाल तर कूलर गुंडाळणं, दाराची फट, गादीखालचे पुठ्ठे, रबरी पिशवी आणि १००० वॅटचा आयएसआय रॉड, एवढंच, बाकी काही नको. दोन-अडीच हजार असतील तर यात ब्लँकेट घाला. अभ्यासाचं बसणं असेल तर हॅलोजन, तोही दोघा-तिघांत मिळून एक. यापुढचे पैसे असतील तर ते १६ अँपियरच्या पॉइंटवर आणि आरसीसीबीवर घाला, दुसऱ्या हीटरवर नाही.

महाशिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते, तेव्हा रॉड लिंबूसत्वात धुऊन कोरडा करून ठेवा, ब्लँकेट घडी न घालता सैलसर गुंडाळी करून कपाटात सगळ्यात वर ठेवा, त्यावर ओझं ठेवू नका. कूलरचं प्लॅस्टिक काढून पॅड बदलून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये रूम सोडणार असाल तर शेवटच्या दिवशी मीटरचा फोटो, स्वतः काढून घेतलेल्या पॉवर पॉइंटचा फोटो, दोन्ही काकांना पाठवून डिपॉझिटचा हिशोब तिथंच उभ्याउभ्या करून घ्या.